भेट मिळाली, आता पुढची गोष्ट सांगा : आभाराचं पत्र मजेत कसं लिहावं

तीन वर्षांपूर्वी मी माझ्या भाच्याला एक छोटी दुर्बीण भेट दिली. तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. त्याने कागद फाडला, ‘थँक्यू मावशी’ म्हणाला आणि पळाला. दोन आठवड्यांनी त्याचं पत्र आलं. वहीचं पान, तिरक्या ओळी, आणि वर मथळा : ‘दुर्बिणीतून आतापर्यंत दिसलेल्या गोष्टी’. पहिली गोष्ट, समोरच्या टाकीवर बसणारा कावळा, त्याचा एक पाय वाकडा आहे. दुसरी, चंद्रावरचे खड्डे, आईला खोटं वाटत होतं, मग तिलाही दाखवले. अशा अकरा गोष्टी. अकरावी होती : ‘आई, रस्त्याच्या टोकाला, घरी येताना. ती मला दिसते हे तिला माहीत नाही.’

त्या पत्रात ‘आभार’ हा शब्द कुठेही नव्हता. तरी मला आजवर मिळालेल्या आभारपत्रांत तेच सगळ्यात वरचं आहे. का, यावर मी पुष्कळ विचार केलाय. भेट देणाऱ्याच्या वाट्याला फक्त कागद फाडण्याचा क्षण येतो. वस्तू खरोखर वापरात आली का, कुठे ठेवली, कोणी पळवली, यातलं काहीच त्याला कळत नाही. जी गोष्ट त्याने सुरू करून दिली, तिचा पुढचा भाग त्याला कधी वाचायलाच मिळत नाही. आभाराचं पत्र म्हणजे तो पुढचा भाग. एवढं ध्यानात आलं की ‘काय लिहू?’ हा प्रश्न बराचसा सुटतो आणि लिहायलाही मजा येऊ लागते.

आधी वापरा, मग लिहा

खोकं उघडल्या उघडल्या पेन हातात घेऊ नका. ‘खूप आवडलं’ यापलीकडे तेव्हा लिहिण्यासारखं काही नसतं. तीन-चार दिवस वस्तू वापरा. पुस्तक असेल तर निदान पहिलं प्रकरण वाचा, कपडा असेल तर एकदा घालून बाहेर जा, रोप असेल तर नवं पान फुटेपर्यंत थांबा. या दिवसांत जे जे दिसेल ते एका चिठ्ठीवर टिपून ठेवा. वाक्यं जुळवायची गरज नाही. टिपताना डोळे, कान, हात यांना विचारा : कसा आवाज येतो, हाताला कशी लागते, घरात कोण काय म्हणालं, आधी आपण या कामाला काय वापरत होतो.

गेल्या वर्षी माझ्या काकांनी मला वाचायचा दिवा पाठवला. माझी चिठ्ठी अशी होती :

– पिवळा उजेड. पुस्तकाबाहेर जात नाही.
– स्विच ‘टिच्’ वाजतो. छान वाजतो.
– आधी : सगळे झोपले की स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून वाचायचे.
– काकांना कसं कळलं? मे महिन्यात राहायला आले होते तेव्हा बघितलं असणार!

शेवटची ओळ लिहीपर्यंत मलाही ते सुचलं नव्हतं. टिपणं काढायची ती यासाठीच. देणाऱ्याने हीच वस्तू का निवडली याचं उत्तर बहुतेक वेळा अशा तिसऱ्या-चौथ्या ओळीत सापडतं, आणि ते सापडलं की पत्राचा गाभा हाती आला.

सुरुवात मधूनच करा

‘आपण पाठवलेली भेट मिळाली’ हे वाक्य पोचपावतीचं आहे. त्यात चूक काही नाही, पण वाचणारा तिथेच ओळखतो की पुढे ‘आवडली’ आणि ‘आभार’ येणार. त्याऐवजी एखाद्या प्रसंगात थेट उडी मारा. वेळ, जागा आणि कोणीतरी काहीतरी करतंय, एवढं पहिल्या वाक्यात आलं की पुरे.

मायना मात्र नात्याप्रमाणेच असू द्या. वडीलधाऱ्यांना ‘ती.’ आणि ‘सा. न. वि. वि.’, बरोबरीच्यांना ‘प्रिय’ आणि ‘सप्रेम नमस्कार’, धाकट्यांना ‘चि.’ आणि ‘अनेक आशीर्वाद’. हे जुनं वाटेल, पण पत्र कितीही खेळकर असलं तरी मायन्यातला मान जागेवर असला की वाचणारा निर्धास्त होतो. मग आत तुम्ही वाटेल तेवढी मोकळीक घ्या.

काकांना मी घाईत लिहिलेला पहिला मसुदा हा :

‘ती. काका, सा. न. वि. वि. आपण पाठवलेला सुंदर दिवा मिळाला. खूप आवडला. वाचनासाठी अतिशय उपयोगी आहे. त्याबद्दल आपले मनःपूर्वक आभार. कळावे.’

हे पत्र कोणीही, कोणालाही, कुठल्याही दिव्याबद्दल लिहू शकेल. शिवाय एरवी मी काकांना ‘तुम्ही’ म्हणते, ‘आपण’ नाही. चिठ्ठी समोर ठेवून मी ते पुन्हा लिहिलं :

‘ती. काका,
सा. न. वि. वि.
परवा रात्री पावणेबाराला घरात सगळे झोपले होते आणि मी पलंगावर बसून वाचत होते. पलंगावर! स्वयंपाकघरातल्या स्टुलावर नाही. तुमच्या दिव्याचा उजेड पुस्तकाच्या पलीकडे बोटभरही जात नाही. शेजारी झोपलेल्या माणसाने सकाळी तशी साक्ष दिली.
मे महिन्यात तुम्ही आला होतात, तेव्हा रात्री पाणी प्यायला उठलात आणि मला स्टुलावर बघितलंत. “झोप आता” एवढंच म्हणालात. पण ते तुम्ही मनात ठेवलंत, हे मला खोकं उघडल्यावर कळलं. समोरच्याची अडचण न विचारता ओळखायची आणि गाजावाजा न करता दूर करायची, हे मी लहानपणापासून तुमच्याकडून बघत आलेय. परकं वाटलं तरी लिहू द्या : फार फार आभार, काका.
पुस्तकाची ४० पानं उरलीत. खुनी माळी असावा असा माझा संशय आहे. संपलं की कळवते.
ता. क. स्विचचा “टिच्” आवाज इतका आवडलाय की काल दोनदा उगाचच दिवा लावला.’

काकूंनी फोन करून सांगितलं, काकांनी ते पत्र चष्म्याच्या डबीत ठेवलंय.

दोन मसुद्यांत फरक कशाने पडला? ‘सुंदर’, ‘उपयोगी’, ‘अतिशय’, ‘मनःपूर्वक’ ही विशेषणं गेली आणि त्यांच्या जागी क्रियापदं आली : वाचत होते, उठलात, बघितलंत, ठेवलंत, लावला. माझा साधा नियम आहे. मसुद्यात ‘सुंदर’, ‘छान’, ‘अप्रतिम’ असे शब्द आले की खाली रेघ मारायची आणि स्वतःला विचारायचं : म्हणजे नेमकं काय झालं? जे उत्तर येईल ते वाक्य लिहायचं आणि विशेषण खोडायचं. एखादं राहिलं तर बिघडत नाही. हातून निसटलेलं ‘छान’ खरंच असतं.

वस्तूपेक्षा माणसाबद्दल लिहा

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. आभार मानताना आपण नकळत स्वतःबद्दलच बोलत राहतो : माझी सोय झाली, मला आनंद झाला, मला हेच हवं होतं. मानसशास्त्रज्ञ सारा अल्गो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात जोडीदारांना एकमेकांचे आभार मानायला सांगितलं आणि त्यांचं बोलणं तपासलं. ‘माझा काय फायदा झाला’ हे ऐकण्यापेक्षा ‘यातून तू कसा माणूस आहेस ते दिसतं’ हे ऐकलं की समोरच्याला जास्त बरं वाटत होतं. बोलणारा आपल्याला समजून घेतोय, ही भावनाही त्यातूनच वाढत होती. अभ्यास जोडप्यांचा होता, पण पत्र लिहिताना मला तो फार उपयोगी पडतो.

म्हणून पत्रात एक तरी वाक्य असं हवं ज्याचा कर्ता ‘तू’ किंवा ‘तुम्ही’ आहे, आणि ते वाक्य त्या माणसाच्या स्वभावाबद्दल, नजरेबद्दल किंवा त्याने घेतलेल्या कष्टाबद्दल आहे. ‘मला निळा रंग आवडतो’ याऐवजी ‘मी निळ्या भिंतीबद्दल एकदाच बोलले होते, ते तू लक्षात ठेवलंस’. हाताने केलेली वस्तू असेल तर हे आणखी सोपं. विणलेल्या टोपीतले टाके मोजा, कडेला रंग बदललाय तिथे बोट ठेवा, आणि ते दिसलं हे लिहा. करणाऱ्याला तेवढं पुरतं, कारण त्या कडेवर त्याची एक अख्खी संध्याकाळ गेलेली असते.

आणि हो, ‘आभार’ किंवा ‘धन्यवाद’ हा शब्द एकदा यावा. जवळच्या माणसांना तो लिहिताना अवघडायला होतं, म्हणून कित्येक जण टाळतात. एकदा, साध्या वाक्यात, पत्राच्या मध्यावर लिहा. प्रत्येक परिच्छेदाला लिहिलात तर त्याचं वजन जातं. नऊ वर्षांच्या मुलाला मात्र त्यातून माफी आहे.

पत्राला सोंग चढवायचं असेल तर

साधं पत्र जमायला लागलं की खेळ सुरू करता येतो. मी खूप प्रकार करून पाहिलेत. त्यातले तीन कधीच फसले नाहीत.

पहिला, वस्तूच्या तोंडून पत्र. विणलेल्या पायमोज्यांबद्दल एका मैत्रिणीने मावशीला लिहिलेलं असं सुरू होत होतं : ‘सौ. मावशीस, मी डावा पायमोजा. उजवा सध्या पलंगाखाली आहे, त्याच्या वतीनेही मीच लिहितो. तुमच्या सुईवरून उतरून इथे आलो तेव्हा मनात धाकधूक होती. पाय कसे असतील? पाय थंडगार निघाले. आमच्यावाचून त्यांचं कसं चाललं होतं कोण जाणे.’ या प्रकारात वस्तूला एक ठळक स्वभाव द्यायचा. पायमोजा भिडस्त, छत्री भांडखोर, डायरी चोंबडी. वस्तूला घरातलं जे दिसतं तेवढंच तिने बोलावं. दीडशे शब्दांत आटपा, नाहीतर गंमत ताणली जाते. आणि शेवटच्या दोन ओळी स्वतःच्या नावाने, स्वतःच्या आवाजात लिहा. सोंग उतरवून बोललेल्या त्या दोन ओळीच मनात राहतात.

दुसरा, बातमी. मित्रांना आणि कचेरीतल्या सहकाऱ्यांना हा प्रकार फार आवडतो.

‘घड्याळाच्या आगमनाने घरात वक्तशीरपणाची लाट
आमच्या प्रतिनिधीकडून, दि. १४ : गेली चार वर्षे रिकाम्या असलेल्या खिळ्यावर अखेर घड्याळ लागले. घरातील दोन्ही मुले आज वेळेवर शाळेत पोहोचल्याचे विश्वसनीय सूत्रांकडून समजते. घड्याळ देणाऱ्या मित्राशी संपर्क होऊ शकला नाही. त्याने रविवारी स्वतः घरी येऊन आपली प्रतिक्रिया द्यावी, अशी नागरिकांची मागणी आहे.’

इथे सगळी मजा भाषेत आहे. बातमीची ताठ प्रमाणभाषा शेवटपर्यंत सोडायची नाही. मध्येच ‘खरंच रे, मस्त आहे’ असं लिहिलंत की फुगा फुटतो. मथळा जरा मोठ्या अक्षरात लिहा आणि मजकूर दोन रकान्यांत उतरवा. वर्तमानपत्र हातात आल्यासारखं वाटतं.

तिसरा, अभंगाचा साचा. कविता येत नाही म्हणणाऱ्यांनाही हा जमतो, कारण त्याचं माप ठरलेलं आहे. मोठ्या अभंगात चार चरण : पहिल्या तिन्हींत सहा-सहा अक्षरं, चौथ्यात चार, आणि दुसऱ्या-तिसऱ्या चरणांचं यमक. बोटांवर मोजत लिहायचं. छत्री दिलेल्या मैत्रिणीला मी लिहिलं होतं :

छत्री तुझी निळी । उघडली काल ।
फसली ती चाल । पावसाची ॥
कोरडी ही वही । कोरडे हे पाय ।
आणखी ते काय । हवे आता ॥

जोडाक्षर एकच अक्षर मोजायचं, म्हणजे ‘छत्री’ची अक्षरं दोन. आधी चौथा चरण ठरवा, कारण चार अक्षरांत बसणारा नेमका शब्द मिळणं सगळ्यात अवघड. मग मागे येत यमक जुळवा. दोन कडवी पुरेत.

बाकीचे प्रकार भराभर सांगते. शब्दकोशातली नोंद : ‘शाल (स्त्री.) : १. पांघरायची वस्तू. २. मावशीची मिठी, टपालाने आलेली.’ एखादं कोडं, ज्याचं उत्तर ती भेटवस्तूच. दहा दिवसांची नोंदवही, रोज एक ओळ. घराचा हाताने काढलेला नकाशा, त्यात वस्तू कुठे ठेवली तिथे फुली आणि बाणाशेजारी दोन शब्द. चित्र कसंही आलं तरी चालतं, नकाशा वाचणारा त्यातून तुमच्या घरात फिरून येतो.

सोंग निवडताना माणूस बघा. जो सध्या दुःखात आहे, आजारी आहे, किंवा ज्याच्याशी आपलं नातं अजून बेताचं आहे, त्याला सरळ पत्र लिहा.

अवघड भेटी

न आवडलेली भेट आली तर? खोटं लिहू नका. ‘रोज वापरते’ असं लिहिलंत आणि पुढच्या भेटीत ती वस्तू दिसली नाही, तर देणाऱ्याला दुहेरी लागतं. जे खरं आहे ते शोधा, काहीतरी असतंच. ‘एवढ्या गडबडीत तू माझ्यासाठी वेळ काढलास’, ‘खोक्यावर तुझं अक्षर बघूनच बरं वाटलं’, ‘फुलदाणी बघून धाकटी म्हणाली, ही तर राजवाड्यातली आहे’. खरं असेल तर एक वाक्यही पुरे. माप बदलून हवं असेल, तर ते याच पत्रात घालू नका. ती वेगळी गोष्ट आहे, दोन दिवसांनी फोनवर बोला.

पैसे मिळाले असतील तर आकडा लिहू नका, त्याचं काय होणार ते लिहा, आणि झाल्यावर पुन्हा कळवा. पाच-सहा जणांनी मिळून काही दिलं असेल तर एक सामाईक पत्र आणि त्यात प्रत्येकासाठी वेगळी एकेक ओळ. सामाईक पत्रात प्रत्येक जण आधी स्वतःचं नाव शोधतो.

उशीर झाला असेल तर? यावर मी जरा कळकळीने लिहिणार आहे, कारण मला स्वतःला एका शाईपेनाबद्दल लिहायला वर्ष लागलं होतं. पहिला महिना आळसात गेला, पुढचे अकरा शरमेत. शेवटी त्याच पेनाने लिहिलं, ‘वर्षभर वापरून मगच लिहिते आहे, निब आता माझ्या हाताला वळलंय’, आणि पुढे वर्षभरात त्या पेनाने काय काय लिहिलं ते सांगितलं. उत्तर आठवड्यात आलं, चार पानी. अमित कुमार आणि निकोलस एप्ली या मानसशास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेलं संशोधन नंतर वाचनात आलं, तेव्हा माझी ती शरम किती वाया गेली ते कळलं. आभाराचं पत्र लिहिणाऱ्यांनी अंदाज केला होता की वाचणाऱ्याला थोडं अवघडल्यासारखं होईल. प्रत्यक्षात अवघडलेपण त्यांच्या अंदाजापेक्षा कमी होतं आणि आनंद त्यांच्या अंदाजापेक्षा जास्त. लिहिणारा शब्द बरोबर आहेत का याची काळजी करत असतो, वाचणारा मात्र त्यातली माया बघतो. तेव्हा उशिराची माफी एका ओळीत मागा आणि लगेच गोष्टीकडे वळा.

मुलांकडून लिहून घेताना

‘आत्याला पत्र लिही’ असं म्हटलं की मूल ‘आत्या, थँक्यू’ लिहून हात झटकतं. त्याला प्रश्न विचारा : या गाडीने पहिल्यांदा कुठली अडचण आली? ती कोणाला हात लावू देणार नाहीस? रात्री ती कुठे झोपते? उत्तरं जशीच्या तशी उतरवा. लिहिता न येणाऱ्या मुलाने सांगावं, तुम्ही लेखनिक व्हा आणि खाली त्याने रेघोट्यांची सही करावी. लिहिता येणाऱ्याचं शुद्धलेखन तपासू नका. ‘दुर्बिण’ ऱ्हस्व असली तरी चंद्र दिसतो.

कागद, घडी, पाकीट

हाताने लिहा. अक्षर वाईट असेल तर ओळींत जागा सोडा आणि सावकाश लिहा. आधी कच्चं, मग पक्कं. ए-फोर कागद दोनदा अर्धा दुमडला की साधारण १०५ × १४८ मिलिमीटरची घडी होते आणि ती सी-सिक्स मापाच्या पाकिटात बरोबर बसते. तीन भागांत दुमडला तर लांबट पाकीट घ्या. नेहमीचा, म्हणजे चौरस मीटरला ८० ग्रॅम भरणारा, एक ए-फोर कागद पाच ग्रॅम भरतो, तेव्हा दोन-तीन पानं लिहिली तरी पत्र जड होत नाही. लांबी मात्र एक पान पुरते. खूप पत्रं लिहायची असतील, एखाद्या समारंभानंतर लिहावी लागतात तशी, तर भेटी उघडतानाच कोणी काय दिलं याची यादी करा आणि रोज पाचच लिहा. सहाव्या पत्रापासून वाक्यं एकमेकांसारखी व्हायला लागतात.

पाकीट बंद करण्याआधी पत्र एकदा मोठ्याने वाचा. जिथे जीभ अडेल ते वाक्य तुमचं नाही, ते बदला. मग ता. क. साठी जागा उरलीय का बघा. औपचारिक मजकुरातून सुटलेली सगळ्यात लाडकी गोष्ट तिथे लिहायची असते.

पत्र पाठवलं की चिठ्ठी फेकू नका, त्यावर तारीख घालून ठेवा. काही महिन्यांनी एक छोटं कार्ड टाका, दोन-तीन ओळींचं. तेव्हा कोणी त्याची वाट बघत नसतं, आणि वस्तू खरोखर वापरात आहे हे त्याहून चांगल्या रीतीने सांगता येत नाही. काकांना मी पाठवलेलं कार्ड एवढंच होतं :

‘ती. काका, सा. न. वि. वि. पुस्तक संपलं. माळी निर्दोष निघाला. आता दुसरं सुरू केलंय, जाडजूड आहे. स्विच अजून “टिच्” वाजतो.’